भेग भरली, रोग तसाच

"काँक्रीट म्हटलं की भेगा येणारच. पुट्टी भरा, रंग मारा आणि ऑडिटवाल्यांच्या नादी लागू नका." हा सल्ला देणाऱ्या एका गृहस्थांना सध्या सोसायट्यांच्या सभांत फार मान आहे. इमारत चाळीस वर्षं उभी आहे आणि ०.३ मिलिमीटरपर्यंतची भेग मानकालाच मान्य आहे, हे त्यांचे दोन पुरावे.

पहिल्याला एका वाक्याचं उत्तर पुरे: काल पडली नाही, हा उद्याचा दाखला नव्हे.

दुसऱ्यात मानक अर्धंच वाचलंय. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातली ०.३ ची मर्यादा जिथे भेगेने अपाय नाही अशा भागांसाठी आहे. ओलाव्यातल्या भागांना ०.२, तीव्र परिस्थितीत ०.१. शिवाय हा हिशेब भाराने पडणाऱ्या भेगांचा. गंजाच्या भेगेला रुंदीची सूट कुठली? लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त, कधी सहापट जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. म्हणून ही भेग सळईच्या रेषेतच धावते: बीमच्या तळाला लांबीने, कॉलमच्या कोपऱ्याला उभी. तांबूस ओघळ दिसतो, हातोडीने ठोकलं की बद्द आवाज येतो. तिच्यात पुट्टी भरणं म्हणजे जखमेत पू ठेवून टाके घालणं. सळई गंजतच राहते आणि एखाद्या पावसाळ्यात पोपडा रंगासकट खाली येतो, खाली मूल खेळत असो वा नसो. बांधकामात खाडीची खारट रेती वापरण्याच्या वादातही 'एवढ्याशा मिठाने काय होतंय' असंच ऐकवलं जायचं. मिठातलं क्लोराइड सळईचं संरक्षण मोडतं, हे तेव्हाही ठाऊक होतं!

प्रत्येक भेग घातक, असं कोण म्हणतंय? स्लॅब ओतल्यावर काही तासांत ऊन-वाऱ्याने पडलेल्या उथळ भेगा, बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यातली आडवी रेघ, यांसाठी मी कुणाची झोप उडवणार नाही. पण आधाराजवळ बीमवर तिरकी चढणारी भेग दिसली, तर रुंदी मोजत बसू नका. टेकू लावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

तेव्हा आधी भेगेची जागा आणि दिशा पाहा. तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख घाला. पट्टी तडकली तर भेग वाढतेय. काँक्रीट थोडं फोडून फिनॉल्फ्थॅलिन शिंपडा. गुलाबी न होणारा, म्हणजे सळईला गंजापासून वाचवणारी अल्कता गमावलेला थर सळईपर्यंत पोचला असेल, तर सळईवरचं काँक्रीटचं कव्हर काढून, सळई घासून, गरज पडल्यास बदलूनच दुरुस्ती करा. खर्च पुट्टीच्या कितीतरी पट येईल. तो याच सभेत मंजूर करून घ्या.