वीट आणि विठ्ठल

आज आषाढी एकादशी. वाखरीचा तळ उठवून पालख्या दशमीलाच पंढरीत पोहोचल्या. ज्यांना जाणे जमले नाही, त्यांच्या देवघरांत आज सकाळी विठ्ठलाला तुळशीची माळ चढली असेल. अशा दिवशी, घरातला शिकता मुलगा वडिलांना हमखास विचारतो तो एक प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. जगण्याला अर्थ येतो तो देवाकडून, की ज्याचा त्यानेच तो निर्माण करायचा? वडील बहुधा रागावतात. रागावण्याचे कारण नाही, असे आम्हांस वाटते. कारण पंढरीचा विठ्ठल ज्या कथेत विटेवर उभा राहिला, त्या कथेच्या पोटातच हा प्रश्न आहे.

पुंडलिकाची कथा प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण तिच्यातला क्रम पाहण्यासारखा आहे. आईबापांना छळणारा हा मुलगा काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात उतरतो. मलिन वस्त्रांतल्या गंगा, यमुना, सरस्वती तेथे येऊन सडासंमार्जन करतात आणि निर्मळ होऊन परततात, हे तो पाहतो. ऋषींना तर काशीची वाटही ठाऊक नाही. आईबापांची सेवा, एवढेच त्यांचे तप. पुंडलिक माघारी फिरतो. देव येतो तो त्यानंतर. म्हणजे पुंडलिकाच्या जगण्याला अर्थ आला, तेव्हा विठ्ठल अद्याप पंढरीस यायचा होता! आणि आला तेव्हाही भक्ताने हातचे काम टाकले नाही. वीट मागे भिरकावली आणि थांबावयास सांगितले. वारकऱ्यांच्या जयघोषात आजही आधी नाव येते ते पुंडलिकाचे, आणि चंद्रभागेचे स्नान झाल्यावर वारकरी प्रथम वाळवंटातल्या पुंडलिकाला भेटतो, मग राउळाकडे वळतो.

मग देवाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. विचारणाऱ्यास आम्ही हिणवणार नाही. देव न मानता रुग्णाच्या उशाशी रात्रीमागून रात्री जागणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. परंतु पाय चेपणारे हात थकतात, हेही आम्ही पाहिले आहे. सेवेत कंटाळा येतो, संताप येतो, 'आणखी किती दिवस' असे मनात येऊन जाते आणि मागाहून त्याची लाज वाटते. ज्याच्यासाठी हे सारे चालले, तो अंथरुणावरचा जीव कधी कधी करणाऱ्याचे नावही विसरलेला असतो. अशा वेळी आपणच आपल्या कष्टांना दिलेला अर्थ आपल्याबरोबरच थकून जातो. आपल्या पाठीशी कोणी तरी घाई न करता, कटीवर कर ठेवून उभा आहे, ही जाणीव तेथे उपयोगी पडते. काम माणसानेच निवडावे लागते. ते शेवटास नेण्याचे सारे बळ त्याच्या एकट्याचे नसते, असे आमचे मत आहे.

सावता माळ्याने अरणचा मळा हीच पंढरी मानली. इतर संतांच्या पालख्या विठ्ठलाच्या भेटीस येतात. अरणला मात्र विठ्ठलाची पालखी सावत्याच्या भेटीस जाते. २०२० साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या आणि १ जुलैची एकादशी वारकऱ्यांनी घरीच केली. अनेक पिढ्यांचा नेम मोडला म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले. ते पाणी आम्ही लटके मानीत नाही. वारी ही सोय नव्हे, ती ओढ आहे. तरी त्या दिवसांत ज्यांनी घरातल्या आजाऱ्याचे अंथरूण सांभाळले, त्यांची वारी चुकली असे कोण म्हणेल?

आता एक अप्रिय गोष्ट. पुंडलिक हा मुलगा होता. आपल्या घरांतून ही कथा मुलांना सांगितली जाते, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचे भांडे मात्र सून उचलते. मुलगा माळ घालून दिंडीत चालतो, परतल्यावर त्याच्या पायांवर पाणी घातले जाते; मागे राहिलेलीस कोणी विचारीत नाही. ती म्हणते, 'माझा विठ्ठल इथंच.' तिच्या तोंडी ते खरे असेलही. इतरांनी ते तिच्या वतीने म्हणणे हा लबाडीचा भाग झाला. सेवेला अर्थ आहे तो ती स्वतः पत्करली तर. दुसऱ्याच्या गळ्यात घातलेल्या सेवेला देवाचे नाव दिल्याने तिचा भार हलका होत नाही.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून हलते. पुढल्या वर्षी त्या सुमारास, तिची इच्छा असेल तर, तिची पिशवी भरून द्यावी आणि निघण्यापूर्वी आईच्या औषधांच्या वेळा तिच्याकडून नीट लिहून घ्याव्यात.