उंबरठ्याशी अडलेला अधिकार

सार्वजनिक इमारतीच्या दाराशी असलेल्या तीन-चार पायऱ्या धडधाकट माणसाच्या ध्यानातही राहत नाहीत. चाकाच्या खुर्चीतील नागरिकासाठी मात्र इमारत तेथेच संपते. आत न्यायालय असो, बँक असो वा ग्रंथालय. त्याच्या लेखी ते असून नसल्यासारखेच!

२०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग आहेत. त्यांच्यासाठी २०१६मध्ये हक्कांचा कायदा झाला आणि त्याने सुगम्यता बंधनकारक केली. पण २०१७च्या नियमावलीतील पंधराव्या नियमाने त्या बंधनाला केवळ शिफारशीचे रूप दिले. शिफारस पाळली काय, न पाळली काय, जाब कोण विचारणार? सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके निश्चित करण्यासाठी केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना पापण्या मिटून दाखवता येत नाहीत. म्हणून बँकेची डिजिटल ओळखपडताळणीही त्यांना दुर्लंघ्य होती. ३० एप्रिल २०२५च्या निकालाने डिजिटल सेवांची सुगम्यता हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग मानला.

ही सोय मूठभरांसाठी, हा समज मुळातच चुकीचा आहे. दारातला उतार गुडघेदुखीने बेजार आजोबांना, बाबागाडी ढकलणाऱ्या मातेला आणि हातगाडीवरून माल आणणाऱ्या श्रमिकालाही तितकाच उपयोगी पडतो. वार्धक्य तर कोणालाच चुकलेले नाही. जी व्यवस्था सर्वांत अडचणीत असलेल्याला सामावून घेते, ती उरलेल्या सर्वांना आपोआपच सुखावह ठरते.

यात व्यापारी शहाणपणही आहे. अमेरिकेतील उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे साल काढण्याचे साधन नीट धरता येत नसे. त्यातून जाड, मऊ मुठीच्या स्वयंपाकसाधनांची कल्पना पुढे आली आणि १९९०मध्ये ‘ऑक्सो’ या नावाने ती बाजारात आली. निरोगी हातांनीही ती पसंत केली. दाराशी अडलेला ग्राहक एकटा परत जात नाही. त्याचे कुटुंबही दुसऱ्या दुकानाकडे वळते. शिवाय आराखड्यातच उतार धरला तर खर्च थोडा. बांधकाम फोडून तो करायचा तर भुर्दंड मोठा.

सरकारने आपले उत्तरदायित्व पार पाडलेच पाहिजे. परंतु गृहनिर्माण संस्था, मंगल कार्यालये, मंदिरे, वाचनालये आणि दुकाने यांची दारे समाजाच्याच हाती आहेत. दिव्यांग बांधवाला उचलून पायऱ्या चढवणारे हात कौतुकास्पद खरेच. मात्र त्याला कोणाच्याही हातांची वाट पाहावी लागू नये, यातच त्याचा सन्मान आहे. आपापल्या संस्थेच्या येत्या बैठकीत हा विषय निघावा. उंबरठा ओलांडण्याचा प्रारंभ तेथूनच होईल.