मालक कोण?

मैत्रिणींनो, बाजार बदलला, स्पर्धा वाढली, म्हणून कंपन्या आता मुख्य धंदा तेवढा हाती ठेवतात आणि साफसफाई, पॅकिंग, कँटीन ठेकेदाराला देतात. व्यवस्थापनाच्या भाषेत ही ‘पुनर्रचना’. वस्तीतली बाई साध्या शब्दांत सांगते: झाडू तोच, फरशी तीच, मालक मात्र दिसत नाही.

जमशेटजी टाटांनी 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. ती काही बायांचे माहेर नव्हती. पण भांडायला समोर एक मालक होता, एक गेट होते. 2002 मध्ये मिल बंद झाली. आज तिथे मॉल उभा आहे. आता शहरातला कोणताही मॉल, इस्पितळ वा कार्यालय घ्या. फरशी पुसणारी बहुधा एजन्सीची असते. एजन्सी बदलली की तिची जुनी सेवा शून्य!

2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली, पन्नास कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. आपण आनंदलो. पण ठेकेदार म्हणतो, आमच्याकडे पन्नास नाहीत. कंपनी म्हणते, त्या बाया आमच्या नाहीत. मग हक्क मागायचा कोणाकडे? वर 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातली वीस कामगारांची अट 2020 च्या संहितेने पन्नासवर नेली. लहान ठेकेदाराला मोकळे रान!

‘लवचीकता नसेल तर रोजगार जाईल’ असे सांगतात. लवचीक व्हायचे कोणी? नेहमी बाईनेच? ठेकेदाराआडचा मालक कायद्याला दिसत नाही, हेही खरे नाही. 1966 च्या बिडी कायद्याने घरी बिड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले होते. इच्छा असली की कायद्याला डोळे फुटतात.

दोष आपलाही आहे. कायम कामगारांच्या अनेक संघटनांनी ठेक्यावरच्या बाईला आपले मानले नाही. आपणही घरातल्या मारहाणीची केस घेतली आणि पगाराचा प्रश्न ‘युनियनचा’ म्हणून सोडला. पण हाती पैसा नसलेली बाई मारणारे घर सोडून जाणार कुठे?

म्हणून आपल्या केंद्रात येणाऱ्या प्रत्येकीला विचारू या: काम कोणाच्या जागेत करतेस? नफा कोणाला होतो? जो उत्तरात येईल तोच मालक. रजा, पाळणाघर, पगार यांचा जाब त्यालाच विचारायचा.