अंधाराला पक्ष नसतो

‘तुमचा आवडता रंग कोणता?’ हा प्रश्न शाळकरी मुलींच्या वहीत शोभतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाला आणि मुलीला बोलायला काहीच सुचत नसेल, तर तिथंही तो चालून जातो. पण अंधारात दिसावी म्हणून घ्यायच्या वस्तूबद्दल जो माणूस हा प्रश्न विचारतो, त्याच्या हातात मी माझं पासबुकसुद्धा देणार नाही.

निमित्त साधं आहे. माझा भाचा इंग्लंडात असतो. त्याला मामासाठी एक घड्याळ घ्यायचंय. त्या घड्याळाच्या काट्यांवर आणि आकड्यांवर ट्रिटियमच्या बारीक नळ्या बसवलेल्या असतात, त्या रात्रभर आपोआप उजळत राहतात. भाच्याने विचारलं, ‘‘मामा, रंग कोणता?’’ बस्स! अर्ध्या तासात आमचं घर, शेजारचं घर आणि दुसऱ्या दिवशी डबे उघडेपर्यंत आमची अख्खी शाखा या चर्चेत उतरली. सौभाग्यवती म्हणाली, निळा, कारण निळा ‘सोबर’ दिसतो. शेजारचे रावसाहेब म्हणाले, तांबडा, कारण तांबडा लांबून दिसतो. आमचे हेड कॅशियर म्हणाले, पांढरा, कारण पांढरा सगळ्यांवर मॅच होतो. आणि एक गृहस्थ, ज्यांना पिंपळनेरात प्रत्येक मिरवणुकीच्या पुढे चालायची सवय आहे, ते आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘काहीही घ्या, पण हिरवा नको. लोक काय म्हणतील?’’

या सर्व थोर विचारवंतांच्या विरुद्ध हा लेख आहे. माझं म्हणणं एका ओळीत मावतं. अंधारासाठी रंग घ्यायचा तो हिरवाच, आणि तो मनाला विचारून नव्हे, डोळ्याला विचारून.

आता हे ट्रिटियम म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण आमच्या भागात चमकेल ते सगळं ‘रेडियम’. मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर चिकटवतात ते रेडियम, ट्रॉलीच्या मागची पट्टी रेडियम आणि ही कापून देणारं दुकान म्हणजे ‘रेडियम आर्ट’. या कशातही रेडियमचा कणसुद्धा नसतो. खरं रेडियम क्युरी दांपत्याने १८९८ साली शोधलं आणि पुढे ते घड्याळांच्या तबकड्यांवर फासलं गेलं. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये तबकड्या रंगवणाऱ्या पोरी ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. त्यांच्या जबड्यांची हाडं कुजली. त्यांच्यातल्या पाच जणींनी कंपनीला कोर्टात खेचलं आणि १९२८ साली तडजोड झाली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेव्हा ‘चमकतंय ना, मग घ्या’ हे तत्त्वज्ञान किती महागात पडतं, हे जगाने एकदा पाहिलेलं आहे.

ट्रिटियम हा हायड्रोजनचा थोरला, वजनदार भाऊ. तो वायुरूपाने काचेच्या नळीत कोंडतात. नळीला आतून फॉस्फरचा लेप असतो. ट्रिटियममधून सुटणारे इलेक्ट्रॉन त्या लेपावर आपटतात आणि लेप उजळतो. जुन्या टीव्हीच्या पडद्यावर चित्र उमटायचं ते याच युक्तीने. हे इलेक्ट्रॉन इतके अशक्त असतात, की त्यांना नळीची काच ओलांडता येत नाही. तरीही वस्तू किरणोत्सारी ती किरणोत्सारीच. अशा मालावर आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर असते. म्हणून भाच्याला मी पहिलं उत्तर रंगाचं दिलं नाही, ‘आधी नियम बघ’ हे दिलं. बँकेतला माणूस आहे मी.

आणि गंमत अशी, की हा परदेशी पाहुणा वास्तविक आमच्या शेजारचाच. जड पाण्याच्या अणुभट्टीत ट्रिटियम आपोआप तयार होतं आणि पिंपळनेराहून नवापूर ओलांडलं, की व्याऱ्याजवळ काकरापारला अशा भट्ट्या आहेत. आमची पांझरा तापीला मिळते, आणि ती तापी पुढे काकरापारवरून वाहते. म्हणजे नातं पाण्याचं आहे. नाही म्हणायला जागाच नाही.

आता कॉमर्सच्या माणसाचा मुद्दा. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. याचा अर्थ घटत्या शिलकेवर सालीना साडेपाच टक्के घसारा! बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला हे गणित मी ‘यंत्रसामग्री’ या नावाखाली शंभरदा केलेलं आहे. माझ्या निवृत्तीच्या सुमारास घड्याळाचा उजेड निम्मा होईल. (माझाही.) पंचविसाव्या वर्षी तो चतुर्थांशावर येईल. ज्या मालमत्तेवर असा घसारा चढणार आहे, ती घेताना मुळात भांडवल भरपूर हवं की नको? एकाच मापाच्या नळ्यांत सर्वांत उजळ हिरवी दिसते आणि तांबडी सगळ्यांच्या तळाला जाते. म्हणजे तांबडी घेणारा माणूस पहिल्याच दिवशी ओव्हरड्राफ्टमध्ये असतो.

‘पण असं का?’ रावसाहेबांनी विचारलं. कारण उजेड नळीत असला, तरी दिसणं डोळ्यात असतं. डोळ्याच्या पडद्यावर दोन खाती आहेत. एक दिवसपाळीचं : साठ लाखांच्या आसपास शंकुपेशी, रंग ओळखणाऱ्या. दुसरं रातपाळीचं : बारा कोटींच्या आसपास दंडपेशी, रंगाच्या बाबतीत ठार आंधळ्या, पण चिमूटभर उजेडावर भागवणाऱ्या. दिवसपाळीला पोपटी-हिरवा सर्वांत जास्त जाणवतो, रातपाळीला निळसर हिरवा. या दोघांच्या मधोमध कोण बसतो? हिरवा. तांबड्याशी रातपाळीचं बोलणंच नाही. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १८२५ साली हेच लिहून ठेवलं : पहाटेच्या अंधुक उजेडात तांबडं काळं दिसतं, निळं आधी उजळतं. खातरी करायची, तर उद्या पहाटे उठून जास्वंदीकडे बघा. पानं आधी दिसतील, फूल मागून.

तांबड्याच्या पक्षात एक खरा मुद्दा आहे, तो लपवत नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मंद तांबड्या उजेडात तो सराव मोडत नाही. म्हणून जहाजावर नकाशा वाचायला तांबडा दिवा लावतात. पण तो दिवा स्वतः दिसावा म्हणून नसतो, दुसरं काही बघावं म्हणून असतो. मला घड्याळाच्या उजेडात नकाशा वाचायचा नाहीये. मला घड्याळ बघायचंय. मोबाईल टॉवरवरचा तांबडा दिवा लांबून दिसतो, कारण त्याच्यामागे वीज आहे. तांदळाच्या दाण्याएवढ्या नळीमागे महावितरण नसतं. आणि बाराच्या आकड्यापाशी एक नारिंगी नळी ठेवायची पद्धत आहे, तिला माझी हरकत नाही. उलटं घातलेलं घड्याळ अंधारात सुलटं कळायला तेवढी खूण हवीच. पण खूण वेगळी आणि कारभार वेगळा.

निळ्याबद्दल सौभाग्यवतीशी मी वाद घालत नाही, हे तत्त्व आहे. एवढंच म्हणतो, की कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात, कारण ते जीव समुद्रातले आणि पाण्यातून निळा उजेडच लांब जातो. आम्ही पिंपळनेरात राहतो. पांझरेला पूर आला, तरी कुणी तळाशी जाऊन वेळ बघत नाही. जमिनीवरच्या माणसाने जमिनीवरच्या काजव्याला विचारावं. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला झाडंच्या झाडं लुकलुकतात, तो उजेड कसला? पिवळसर हिरवा. काजव्याचा तर संसारच त्या उजेडावर अवलंबून. दिसला तर लग्न, नाही तर नाही. त्याने ‘सोबर’ रंग धरला असता, तर वंश बुडाला असता.

राहिले ते मिरवणुकीवाले गृहस्थ. त्यांच्याशी माझं खरं भांडण आहे, कारण बाकीचे गमतीने बोलत होते, हे मनापासून बोलत होते. या देशात आपण रंग वाटून घेतले. हा यांचा, तो त्यांचा, हा निवडणुकीतला, तो मोर्चातला. साडीचा रंग बघून माणसं जात ओळखायला लागली. भाजीबाजारात मेथी अजून बिनपक्षाची आहे, हेच आमचं नशीब. दिवसाउजेडी हे सगळे खेळ परवडतात, कारण दिवसपाळीच्या पेशी हजर असतात. पण उजेड पुरेसा कमी झाला, की त्या पेशी घरी जातात आणि उरतात त्या बारा कोटी, ज्यांना झेंडा कळत नाही. त्यांच्या लेखी सगळे झेंडे राखाडी. हिरवी नळीसुद्धा म्हातारी झाली, की तिचा हिरवेपणा जातो आणि नुसता उजेड उरतो. तांबडीचा रंग जातो, तेव्हा उजेडही जातो. निसर्गाने हिरव्याला झुकतं माप दिलंय खरं, पण ते कुठल्या पक्षाला दिलेलं नाही, डोळ्याला दिलंय.

हा वाद केवळ घड्याळाचा असता, तर मी इतका तावातावाने बोललो नसतो. आमच्या काउंटरवर येणारे निम्मे खातेदार शेतकरी. आमच्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला सव्वाशे मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला, दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आली, तरी रात्रीचं पाणी भरणं शेतकऱ्याच्या नशिबातून अजून पुरतं गेलेलं नाही. रात्री दोन वाजता माणूस विहिरीवर जातो. पायाखाली काय आहे ते दिसत नाही. स्टार्टरवर चालू करायचं बटण हिरवं आणि बंद करायचं तांबडं असतं, पण अंधारात दोन्ही काळी. कांद्याने भरलेली ट्रॉली सामोड्याच्या अलीकडे रस्त्यात बंद पडते, मागे पट्टी नसते, आणि मागून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. त्या ट्रॉलीच्या पुढे मात्र नेत्याचा फोटो, कुलदैवताचं नाव आणि आवडत्या रंगाची झालर, सगळं यथासांग असतं. मागची तांबडी परावर्तक पट्टी कायद्याने लागते. ती येणाऱ्या गाडीच्या दिव्यावर चमकते, म्हणून तिथं तांबडं चालतं. ती तेवढी कुणी लावत नाही. शोभेला रंग आहेत, दिसण्याला नाहीत.

घड्याळाची चर्चा रंगात आली होती, तेव्हा पीक कर्जाचा हप्ता भरायला आलेले एक म्हातारबाबा काउंटरला रेलून सगळं ऐकत होते. पावती खिशात घालता घालता म्हणाले, ‘‘भाऊ, रंग कोनता बी ऱ्हाऊ दे, पन रातले दिखाले जोयजे.’’

बारा कोटी दंडपेशींचं म्हणणं याहून वेगळं नाही. भाच्याला मी कळवलंय : नियमात बसत असेल तर हिरवा, बाराला नारिंगी. आणि त्याच पैशांत बसत असतील, तर ट्रॉलीच्या मागे लावायच्या दहा-वीस पट्ट्यांचे पैसे पाठव. त्या इथंच मिळतात, ‘रेडियम आर्ट’मध्ये. त्या कुठल्या रंगाच्या लावायच्या यावर मात्र आमच्या शाखेत चर्चा होणार नाही. तो रंग कायद्याने ठरवलाय, हे देवाचे उपकार.