उभे राहाल तर बसू नका

महाड-पोलादपूरच्या मतदारांकडून, पुढच्या विधानसभेला तिसरा म्हणून उभे राहू पाहणाऱ्या प्रत्येकास जाहीर इशारा.

2009 पासूनच्या चारही निवडणुका इथून शिवसेनेचे भरत गोगावले जिंकले आहेत. म्हणून तिसऱ्याने उभेच राहू नये, असे आमचे म्हणणे नाही. जरूर उभे राहा. 'मतं खातो' ही ओरड आम्ही मनावर घेत नाही. मत कुणाच्या ताटात वाढून ठेवलेले नसते. दहा हजारांची अनामत जप्त झाली तरी त्यात लाज नाही.

आम्हाला वीट आला आहे तो बसणाऱ्यांचा. अर्ज भरताना ढोल-ताशे, गुलाल, वाडीवाडीतून भरून आणलेली माणसे. मग माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत वरून फोन, आणि संध्याकाळी 'पक्षहितासाठी' म्हणून पत्रक! 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 123 एकदा वाचा. उभे राहण्यासाठी वा माघार घेण्यासाठी पैसे देणे आणि घेणे, दोन्ही लाचच. असा व्यवहार पुराव्यानिशी हाती लागला, तर तक्रार निवडणूक अधिकाऱ्यांकडे जाईल. मध्यस्थ घरी पाठवू नका.

दुसरी गोष्ट बड्या पक्षांसाठी. 2014 च्या लोकसभेला रायगडात सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले, आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला 9,849 मते पडली. त्याच निवडणुकीत शेकापच्या उमेदवाराने सव्वा लाखाहून जास्त मते घेतली, ती मात्र उघड लढून. हा फरक आम्हाला कळतो. नावाला नाव जुळवून डमी उभा कराल, तर त्याला कुणी उभे केले हे प्रत्येक एसटी थांब्यावर विचारले जाईल. मतदानाला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनाही ते आधीच कळवले जाईल.

आता अट. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला. 22 जुलै 2021 ला महाड बुडाले, तळीये दरडीखाली गेले, पोलादपुरात साखर-सुतारवाडी आणि केवनाळ्यात माणसे गाडली गेली. एवढा पाऊस झेलणाऱ्या पोलादपूरच्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. नदीतला गाळ, दरडीखालच्या वस्त्यांचे पुनर्वसन आणि पाणी, या तिन्हींवर तुम्ही काय करणार, ते अर्ज भरण्याआधी सहीनिशी लेखी द्या. जाहीर सभेत वाचून दाखवा. जमत नसेल तर प्रांत कार्यालयाची पायरी चढू नका.

अर्ज भरलात की मतमोजणीपर्यंत मैदानात राहायचे. माघार घ्यायचीच असेल, तर त्याच संध्याकाळी चवदार तळ्याजवळ लोकांसमोर उभे राहून कारण सांगायचे. तोंड लपवून बसलात, तर यापुढे ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत तुम्हाला आमचे एकही मत नाही.