साथीच्या रोगाने भांडवल खाल्ले, त्याचे काय?

मार्च 2020 मध्ये आमच्या दुकानात ईदचा माल येऊन पडला होता. सुरतेचे ड्रेस मटेरियल, मालेगावच्या साड्या, इचलकरंजीचे शर्टिंग. कापडाच्या धंद्यात ईदची खरेदी रजब महिन्यातच करावी लागते, कारण शिंप्याला शिवायला वेळ हवा आणि निम्मा रमजान उलटला की चांगला शिंपी नवे कापड हातात घेत नाही. माल अर्थातच नव्वद दिवसांच्या उधारीवर होता. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी. रमजान 25 एप्रिलला सुरू झाला आणि 25 मे रोजी ईद झाली. शटर बंद होते, उधारीची मुदत मात्र चालू होती.

व्यापारी बंधूंना हे सारे ठाऊक आहे. ज्यांच्याविषयी आम्हाला लिहायचे आहे ते आमच्या दुकानाच्या पायरीखालचे लोक आहेत. राजूर, टेंभुर्णी अशा गावांच्या आठवडी बाजारात तयार कपडे विकणारा फेरीवाला, नगावर शिवणारा शिंपी, घरी बसून साडीला फॉल-पिको करणारी विधवा बहीण. जालना जिल्ह्यात आपल्या समाजातील कितीतरी घरे याच कामांवर चालतात.

आमच्याकडून माल नेणाऱ्या एका फेरीवाल्याची गोष्ट सांगतो. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात त्याने घरातली शिल्लक खाल्ली. दुसऱ्या महिन्यात गाठोडे सोडून शेजारपाजारच्यांना खरेदीच्या भावात कपडे विकले आणि ते पैसे किराण्यात गेले. तिसऱ्या महिन्यात बायकोचे दागिने गहाण पडले. पुढे आठवडी बाजार पुन्हा भरू लागले तेव्हा बाजारातली त्याची जागा होती, ओळखीचे गिऱ्हाईक होते, पण विकायला माल नव्हता. तो आमच्याकडे आला. आम्ही वही उघडली आणि म्हणालो, "पहले का हिसाब कुछ कम करो, फिर देखेंगे." तो काही न बोलता उठून गेला. त्यानंतर वर्षभर तो एका भंगारच्या दुकानात मजुरीला होता.

आम्हीही सुरतेच्या व्यापाऱ्याच्या तगाद्याखाली होतो, ही सबब आम्ही मनाशी खूप वेळा सांगितली आहे. ती खोटी नाही, पण पुरेशीही नाही.

बाजार उघडला की मिळकत परत येते, भांडवल येत नाही, हा या साथीचा खरा मार होता. मजुराचा रोज बुडाला तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामावर जाऊ शकतो. छोट्या धंदेवाल्याने एकदा गाठोडे खाल्ले की तो धंदेवाला राहत नाही, मजूर होतो. आणि 2021 मध्ये तर सावरण्याआधीच दुसरा घाव बसला. महाराष्ट्रात 14 एप्रिलच्या रात्रीपासून कडक निर्बंध लागू झाले; पहिला रोजाही त्याच दिवशी होता. त्या वर्षीची ईदही बंद शटरआड गेली. कापडाच्या धंद्यात लागोपाठ दोन ईदी जाणे म्हणजे काय, हे शिंप्याला विचारावे. रमजानच्या कमाईवर तो पावसाळा काढत असतो. आमच्या ओळखीच्या एका कारागिराने दोनपैकी एक मशीन त्याच वर्षी विकले.

आणखी एक गोष्ट थोडी अवघड आहे, तरी लिहितो. 2020 च्या रमजानमध्ये अनेक शहरांतून आवाहन झाले की यंदा ईदची खरेदी करू नये, तो पैसा गरिबांना द्यावा. रोगाच्या दृष्टीने ते योग्य होते व आम्हीही त्याला मान तुकवली. पण ज्या गरिबाला पैसा द्यायचा होता तो ईदचे कपडे शिवणाराच होता. त्याच्या घरी रेशनचे किट पोहोचले, कामाची मजुरी पोहोचली नाही. जकातीच्या पैशातून आपण महिनोन्‌महिने पीठ, तेल, डाळ वाटली. त्याच पैशातून एखाद्या गरजू कारागिराचे विकलेले मशीन परत घेऊन द्यावे, हे फार थोड्यांना सुचले. आम्हालाही सुचले नव्हते.

एप्रिल 2020 मध्ये आपल्या फेरीवाल्यांवर रोगाखेरीज आणखी एक संकट आले. तब्लिगी जमातीच्या बातम्यांनंतर देशात ठिकठिकाणी मुस्लिम भाजीवाल्या-फळवाल्यांना गल्लीत येऊ दिले गेले नाही. पुढे 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातीतील परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले व त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे म्हटले. निकाल आला, बुडालेले दिवस थोडेच परत येतात!

अर्थात मार केवळ आपल्यालाच बसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर रुळांच्या कडेने चालत गावी निघाले होते. 8 मे 2020 च्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, रुळांवर थकून झोपलेल्या 16 जणांना मालगाडीने चिरडले. सणासुदीला आमच्या बाजारात बायका-मुलांसाठी कपडे घेणारी हीच माणसे.

आता सरकारी मदतीविषयी. माणशी दरमहा 5 किलो मोफत धान्य एप्रिल 2020 पासून मिळू लागले, त्याने कित्येक घरांची चूल पेटती राहिली. हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण भांडवलाची मदत ज्याचा कागद होता त्यालाच मिळाली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 हप्त्यांना सवलत दिली, ती कर्जदारांना. सरकारच्या हमीचे तातडीचे कर्ज मिळाले तेही 29 फेब्रुवारी 2020 रोजी ज्याच्या नावावर जुने कर्ज बाकी होते त्याला, त्या बाकीच्या प्रमाणात. व्याज नको म्हणून बँकेपासून दूर राहिलेला आपला व्यापारी तेथेच बाद झाला. पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजनेत 10,000 रुपये होते, ते शहराच्या हद्दीत विकणाऱ्याला. खेड्यांचे बाजार फिरणारा कोणत्या हद्दीतला? 2021 मध्ये राज्य सरकारने 1,500 रुपये जाहीर केले, ते नोंदणीकृत फेरीवाल्यांना. घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांसाठी उद्यम नोंदणी पुन्हा खुली झाली 2 जुलै 2021 रोजी, दोन्ही ईदी हातच्या गेल्यावर.

सरकारला दोष देणे सोपे आहे. पण आपल्या बाजारातला व्यवहार तोंडी चालतो, हा दोष कोणाचा? आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी आम्ही गिऱ्हाइकांकडून शिकलो, त्यामुळे सरकारी अर्जाची धास्ती आम्हाला नवी नाही. मात्र कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरात आहे आणि तंगीतल्या कर्जदाराला सवड देण्याची शिकवणही त्याच सूरहमध्ये दोन आयती आधी आहे. आम्ही दोन्ही वाचत आलो, वही मात्र फक्त आमच्याकडेच ठेवली. फेरीवाल्याकडे त्याच्या धंद्याचा एकही कागद नव्हता.

तेव्हा कापड व्यापारी बंधूंसमोर दोन-तीन गोष्टी ठेवतो. माल नेणाऱ्या प्रत्येकाला सही केलेले खातेपुस्तक द्यावे. त्याचा धंदा आहे याचा तोच पहिला पुरावा. शिंप्याला नगाच्या मजुरीची पावती द्यावी आणि ईदच्या कामाचा काही भाग शाबानमध्येच आगाऊ द्यावा. सरकारी हुकमाने बाजार बंद राहिला तर तेवढे दिवस उधारीची मुदत आपोआप पुढे जाईल, ही अट व्यवहाराच्या वेळीच लिहावी. आम्ही सुरतेच्या व्यापाऱ्याकडेही ती मागितली. एकाने हसून नकार दिला, दुसऱ्याने मान्य केली.

बिनव्याजी निधीची कल्पना जालन्याच्या कापड बाजारात अधूनमधून निघते व चहाबरोबर संपते. दर सीझनला ठोक विक्रीतून ठराविक रक्कम बाजूला काढावी, हिशेब एका व्यापाऱ्याने व एका शिंप्याने मिळून पाहावा आणि पैसे मालाच्या किंवा मशीनच्या रूपातच द्यावेत, एवढे ठरले तरी सुरुवात होईल. वर सांगितलेला फेरीवाला आता पुन्हा बाजार करतो, पण माल दुसऱ्या दुकानातून नेतो. आमची जुनी बाकी त्याने मागच्या वर्षी पूर्ण फेडली. ती रक्कम आम्ही वेगळी ठेवली आहे. या निधीत पहिली भर तिचीच घालू, मात्र आणखी चार दुकाने तरी पुढे आली पाहिजेत.