‘बाई, तुम्ही स्वतः पाहिलंत का?’



जानेवारी १९९३. लोकलच्या बायकांच्या डब्यात एक बाई सांगत होती, ‘त्यांची’ हत्यारं समुद्रातून येणार आहेत, आज रात्री जागं राहा. भाजी निवडता निवडता बाकीच्या माना डोलवत होत्या. रोज आमच्याबरोबर येणारी एक मुसलमान मैत्रीण खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवसापासून ती त्या गाडीला आली नाही. इतकी वर्षं मोर्चे काढले, घोषणा दिल्या, पण ‘बाई, हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ एवढं विचारणं मला जमलं नाही.

त्या दोन महिन्यांत मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. बायका नुसत्या बळी नव्हत्या. काही ठिकाणी त्या दंगेखोरांना पाठीशी घालायला पुढे आल्या. ‘बाई म्हणजे शांतता’ हा आपला समज तेव्हाच मोडला.

त्याच दिवसांत भिवंडी मात्र शांत राहिली. १९७० आणि १९८४ साली होरपळलेलं हे यंत्रमागांचं गाव. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं नियमाने एकत्र बसत, लहानसहान भांडणं तिथेच मिटवत. त्यामुळे अफवा आली तेव्हा खरंखोटं विचारायला पलीकडे ओळखीचं माणूस होतं.

मुंबईत उलट झालं. दंगलीनंतर कितीतरी मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला गेली, शेजार तुटले. आज अफवा मोबाईलवर येते, तीही आपल्याच बहिणीकडून, भाचीकडून. विचारायला पलीकडे कोणी उरलेलं नाही.

पण नुसत्या ओळखीने भागत नाही. दंगलीतल्या फार थोड्या गुन्हेगारांना शिक्षा झाली. बेपत्ता १०८ जणांची कुटुंबं शोधून त्यांना भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं. न्याय न देता सलोखा मागणं म्हणजे जिचं घर जळलं तिलाच ‘आता विसर’ म्हणणं.

म्हणून आधी आपल्या गटांकडे पाहू या. आपल्या बैठकीला किती मोहल्ल्यांतल्या बायका येतात? शिबिरात दलित मैत्रिणीने रांधलेलं सगळ्याजणी जेवतात का? खोली भाड्याने देताना आडनाव विचारलं जातं, तेव्हा आपण कुणाच्या बाजूने बोलतो? पुढच्या बैठकीत हे प्रश्न जरूर घ्या. उत्तरं अडचणीची असतील. माझंही आहे.

आणि पुढच्या वेळी डब्यात, नळावर किंवा मोबाईलवर कुणी ‘त्यांच्या’विषयी सांगू लागलं, तर तिथल्या तिथे विचारा. मी तेव्हा विचारलं नव्हतं.